उजव्या गॅलरीचं मौन

शिओझाकी बंदर,
१८ मे १९८७

आदरणीय रिहेइ-सान यांस,
शोइचीचा सप्रेम नमस्कार.

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत आहे, म्हणून लिहितो. हवा छान आहे. संघ वाईट आहे.

तुम्ही रोज रेडिओवर आपल्या बेसबॉल संघाचा सामना ऐकता, त्यामुळे मी नवं काय सांगणार? पण लाँड्रीत इस्त्री फिरवताना मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत असतो, तेव्हा आज म्हटलं कागदावर बोलून घ्यावं. आपल्या हेरन्सनी गेल्या अकरा सामन्यांत मिळून चौदा धावा केल्या. इतकी वर्षं आपण त्यांना लाडाने बगळे म्हणत आलो, पण इतके खरेखुरे बगळे ते कधीच नव्हते. ध्यान लावून उभे राहतात, मासा अगदी पोटाजवळून निघून जातो, पंच हात वर करतात आणि हे मान खाली घालून परत येतात. नामेकावाचं तर बघवत नाही. दहा वेळा उभा राहिला तर दोनदाही धड फटका लागत नाही. छत्तीस वर्षांचा झाला, हे मला कळतं. पण बाकीचे तर पंचविशीचे आहेत ना!

आणि आपले उत्सुगी मॅनेजर! पहिलाच डाव, पहिलाच माणूस बेसवर, कुणी बाद नाही, आणि हे बाकावर बसल्या बसल्या नाक चोळतात. नाक चोळलं की बंट. म्हणजे फलंदाजाने चेंडूला बॅट नुसती टेकवायची, स्वतः बाद व्हायचं आणि पुढच्या माणसाला एक बेस सरकवायचं. सामन्यात एकदा केलं तर शहाणपणा म्हणू. परवा चारदा केलं. शेजारचा मासळीवाला म्हणाला, "या माणसाला घर रंगवायला दिलं तर शिडी लावून ठेवेल आणि दिवसाला एक पायरी चढेल." वर, हिवाळ्यात संघाच्या कार्यालयाने आपला एकुलता एक दणकेबाज डावखुरा देऊन टाकला आणि बदल्यात दोन गोलंदाज आणले. एकाचा खांदा आणि दुसऱ्याचा गुडघा अजून दवाखान्यातच आहे.

आता मुद्द्याचं. संघाला चेतवणाऱ्या आपल्या वादक पथकातल्या, ढोलावरच्या मिझुहोला तुम्ही भेटला नाहीत. तुम्ही पथक सोडून आओमोरीला गेल्यावर आली. दातांच्या दवाखान्यात काम करते आणि बोलतेही दात उपटल्यासारखी. रविवारी सामना हरल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "दांचो, आपण इमानदारीत वाजवतो म्हणून कार्यालयाला वाटतं सगळं आलबेल आहे. छप्पर गळतंय हे मालकाला कळायला हवं असेल तर खाली बादली ठेवणं बंद करा." तिचं म्हणणं असं की पुढच्या महिन्यात घरच्या मैदानावरच्या तीन सामन्यांना उजव्या गॅलरीत ढोल नाही, ट्रम्पेट नाही, कुणाही फलंदाजाचं गाणं नाही. पथकातल्या सत्तावीसपैकी निम्मे लोक तिच्या बाजूचे आहेत.

मला आता सगळे दांचो म्हणतात खरे, पण माझ्या डोक्यातले पथकप्रमुख तुम्हीच. सोळा वर्षं तुमच्या डाव्या हाताला उभा राहून वाजवलं. गाणी सगळी तुम्ही बांधलेली. वाजवू की गप्प बसू, ते तुम्हीच सांगा.

फोन केला होता दोनदा. दोन्ही वेळा तुमची सातोए म्हणाली, "बाबा बागेत आहेत." दुसऱ्यांदा केला तेव्हा तुमच्याकडे मुसळधार पाऊस होता म्हणे.

आपला,
शोइची तोकिता

*

नुकासावा, आओमोरी
२४ मे

प्रिय शोइची,

पावसात झाडं पळून तर जात नाहीत ना, हे बघायला गेलो होतो.

सध्या फळं विरळायचं काम चाललंय. सफरचंदाच्या एका घोसात पाच फळं धरतात. मधलं ठेवायचं, बाजूची चार खुडायची. मी शिडीवर उभा राहून चौघांचे चेहरे बघत बसतो आणि जावई खालून हातवारे करतो. तुमच्या कार्यालयाने हिवाळ्यात नेमकं मधलं खुडलं, एवढाच माझा त्यांच्यावर आरोप आहे. उत्सुगीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण डॉक्टरांनी मीठ आणि राग दोन्ही कमी करायला सांगितलंय.

गप्प बसायचं नाही. फलंदाज बाद होतो म्हणून त्याचं गाणं बंद करायचं, तर मग ते बक्षीस झालं, गाणं कसलं? नामेकावा आला तेव्हा अठरा वर्षांचा होता, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्याच्या. त्याची आई फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसायची. मी क्रेनच्या खोलीत बसून माल उतरवत होतो, खाली बोटीचा भोंगा झाला, त्यातले दोन सूर उचलले आणि त्यावर त्याचं गाणं बांधलं. त्याला हे माहीत आहे. तो बॅट घेऊन निघाला आणि ते दोन सूर आले नाहीत, तर त्याला वाटेल आपण चुकून दुसऱ्याच्या गावात उतरलो. मिझुहोला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कार्यालयावर राग असेल तर कार्यालयात जाऊन काढ.

बुधवारी त्याच्याच गाण्यात तू दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुन्हा घाई केलीस. तिथे श्वास घे. गाडी सुटत नाहीये तुझी.

फोन मला आवडत नाही, तुला माहीत आहे. पत्रात तू निम्मी बडबड करतोस.

रिहेइ कानेमारु

*

शिओझाकी,
८ जून

आदरणीय रिहेइ-सान,

दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचा सराव सुरू केलाय. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, तोंडाला टॉवेल लावून.

टॉवेलवरून आठवलं. तुमचा सल्ला मिझुहोला सांगितला. ती म्हणाली, "बरं, कार्यालयात जाऊ." आम्ही आठवडाभर दारोदार फिरून तीन हजार सह्या जमवल्या, एक नम्र पत्र लिहिलं आणि दोघं गेलो. एक टायवाला तरुण खाली आला. त्याने गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकला, आमच्या अमूल्य सूचनांबद्दल आभार मानले आणि आम्हाला संघाचं चिन्ह असलेला एकेक टॉवेल दिला. वरच्या मजल्यावरून कुणीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती की उत्सुगी मॅनेजरांचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय. संघ तळाला आहे, रिहेइ-सान, अगदी तळाला. टॉवेल चांगला आहे. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, शुद्ध सुती आहे, तीनदा धुतला तरी रंग गेला नाही. त्याचाच जास्त राग येतो.

गुरुवारी पथकाची बैठक आहे. तीन सामने मौन पाळायचं की नाही, त्यावर हात वर करायचे. मी तुमच्या बाजूने हात वर करणार आहे. काय ठरलं ते तुम्हाला शुक्रवारी रेडिओवर कळेलच.

शोइची

*

नुकासावा,
१६ जून

प्रिय शोइची,

शाब्बास! आज मीठ खाल्लं तरी चालेल अशी तब्येत झाली आहे.

शनिवारी जावयाने संध्याकाळपासूनच रेडिओचा कान पिळून ठेवला होता. डोंगरामुळे जरा खरखर असते, पण ऐकू आलं. नामेकावाचे तीन फटके! एक तर थेट डाव्या कुंपणापर्यंत. मी तुला म्हटलं नव्हतं? फलंदाजाच्या पाठीशी त्याचं गाणं असलं की हात आपोआप मोकळे होतात. आणि तू दुसऱ्या ओळीला श्वास घेतलास. सोळा वर्षांत पहिल्यांदा! ट्रम्पेट असं खणखणीत की घरात मीच टाळ्या वाजवल्या. मिझुहोचा ढोल जरा पुढे पळतो, तिला सांग, पण मुलगी दमदार आहे.

बैठकीत तुझंच ऐकलं ना सगळ्यांनी? मला खात्री होती. संघ हरला ते हरला. हरायची आपल्याला सवय आहे.

रिहेइ

*

शिओझाकी,
२० जून

रिहेइ-सान,

टोमणा पोचला.

बैठकीतलं तुम्हाला कुणी कळवलं ते मी विचारत नाही. पण मला वाटलं होतं, तुम्ही रागावलात तर दोन ओळींत सरळ रागवाल. "ट्रम्पेट खणखणीत", "दुसऱ्या ओळीला श्वास घेतलास", इतकं गोड लिहून मारायची काय गरज होती? पत्र दुकानात उघडलं. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगताही येईना.

हो, आम्ही वाजवलं नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस. झेंडे उलटे टांगले, ढोलाला खोळ घातली आणि सत्तावीस माणसं हाताची घडी घालून बसली. आमचं बघून सगळी उजवी गॅलरी गप्प झाली. मैदानात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. बिअर विकणारीचा आवाज पलीकडच्या टोकापर्यंत जात होता. रेडिओवर तुम्ही ऐकलंच असेल, चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज आणि समालोचकाच्या घशातली खाकर, बाकी काही नाही.

आणि आता खरं ते सांगतो. बैठकीत मी तुमच्या बाजूने हात वर करणार होतो. केला नाही. मिझुहो तो टॉवेल गळ्यात घालून आली होती. तो बघितला आणि माझा हात मौनाच्या बाजूने वर गेला. हे तुम्हाला लिहायला धजत नव्हतो, म्हणून पत्र लांबवलं.

शनिवारचे नामेकावाचे तीन फटके हीच माझी खरी शिक्षा आहे. तुम्ही ते बरोब्बर हेरलंत. अठरा वर्षं आपण त्याच्या पाठीमागे गाणं वाजवलं आणि तो फुलला कधी, तर आपण तोंड बंद केल्यावर. पथकातले पोरगेसे लोक आता मला म्हणतात, "दांचो, याने आधी कळवायला हवं होतं, पंधरा वर्षांपूर्वीच गप्प बसलो असतो."

मौन पुढे चालू ठेवायचं ठरलंय. कार्यालयाने भेटायला बोलवेपर्यंत. तुम्हाला आवडणार नाही, पण मी शब्द दिलाय.

शोइची

*

नुकासावा,
६ जुलै

प्रिय शोइची,

तुझं पत्र येऊन तेरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज फळांना पिशव्या बांधायला उठून गेलो.

टोमणा नव्हता. मला कुणीही कळवलं नव्हतं. मी तुझं ट्रम्पेट ऐकलं असं लिहिलं, ते खोटं होतं. मला ऐकू येत नाही, शोइची. काहीच नाही. फेब्रुवारीपासून उजवा कानही गेला. डावा तर शिओझाकी सोडायच्या आधीच गेला होता. चाळीस वर्षं क्रेनच्या इंजिनाशेजारी बसलो आणि संध्याकाळी तुमच्यासारख्यांच्या ट्रम्पेटसमोर उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, त्या मानाने बरेच टिकले.

बहिणीची बाग सांभाळायला जातो म्हणून मी पथक सोडलं, ते निमित्त होतं. शेवटच्या वर्षी मला ढोल नीट लागत नव्हता. मी बायकांच्या हातातल्या पंख्यांकडे बघून ताल धरायचो. सप्टेंबरमधल्या एका सामन्यात माझ्या आणि तुझ्या तालाची फारकत झाली. तू वाजवणं थांबवलंस, माझ्याकडे बघितलंस आणि सामना संपल्यावर "माझी चूक झाली" म्हणून माफी मागितलीस. चूक माझी होती. तू वाकून उभा होतास आणि मी मोठेपणाने मान हलवली. तो प्रसंग मला आजही झोपताना आठवतो आणि लाज वाटते.

मग इतकी पत्रं कशी लिहिली? आमच्याकडच्या पेपरात दुसऱ्या दिवशी धावफलक येतो. कोण कितव्या डावात आला, काय झालं, सगळं बारीक अक्षरात असतं. जेवण झालं की मी चष्मा लावून तो घेऊन बसतो. नामेकावा चार वेळा आला असेल तर त्याचं गाणं चार वेळा म्हणतो. डोक्यात. बाकीच्या आठ जणांचीही म्हणतो, सगळी माझीच आहेत. शेवटच्या, नवव्या डावापर्यंत जायला तासभर लागतो. जावई बिचारा माझ्यासाठी रेडिओ लावून ठेवतो. त्याला वाटतं, थोडंफार ऐकू येत असेल. मीही कान लावून बसतो. सातोएला सगळं माहीत आहे, म्हणून तुझा फोन आला की ती मला बागेत पाठवते.

तुझी घाईही मी ऐकलेली नव्हती. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी तू घाई केली नाहीस असं सोळा वर्षांत एकदाही घडलं नाही, तेव्हा अंदाज चुकायची भीती नव्हती.

तुला सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर तू मला तब्येतीची पत्रं लिहिली असतीस. मला बगळ्यांची हवी होती. मला उत्सुगीचं नाक आणि मासळीवाल्याची शिडी हवी होती. तुझी फसवणूक केली, त्याबद्दल माफ कर. मी हे कागदावर वाकूनच लिहितोय असं समज.

आता मौनाचं. तुझं पत्र वाचल्यावर आधी मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. त्या शनिवारच्या सामन्याला तिकडे मैदान चिडीचूप होतं आणि इथे एकटा मी वाजवत बसलो होतो. पथकाने ठरवलेलं मोडणारा मीच! मी पथक सोडलं असलं तरी माझं नाव यादीतून काढू नका असं मी तेव्हा सांगितलं होतं आणि तू काढलं नाहीस. म्हणजे मी अठ्ठाविसावा.

म्हणून तुझं पत्र आल्यापासून मीही बंद ठेवलंय. पेपर येतो. मी धावफलक वाचतो, पण गप्प बसून वाचतो. नामेकावा पुन्हा पहिल्यासारखाच झालाय, हेही दिसतं. चार वेळा आला, चारही वेळा बाद. मी तोंडातून, डोक्यातून, कुठूनच सूर काढला नाही. सोपं नाही. गाणं आपोआप सुरू होतं आणि दोन सुरांनंतर त्याला धरून खाली बसवावं लागतं. पूर्वी मला ऐकू येत नव्हतं, तेव्हाही घरात इतकी शांतता नव्हती.

माझ्यासाठी म्हणून काही बदलू नकोस. तू शब्द दिला आहेस आणि टॉवेलचा राग खरा आहे. मी नाही म्हटलं होतं, पण पथकाने ठरवलं, संपलं. फक्त एवढं कर, जे ठरेल ते मला वेळेवर कळव. मला पुन्हा एकट्याने वाजवायचं नाही.

कुणाला सांगू नकोस.

रिहेइ

*

शिओझाकी,
१३ जुलै, जलद टपाल

रिहेइ-सान,

घाईत लिहितोय. पत्र शुक्रवारच्या आत पोचायला हवं.

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि वाफेच्या यंत्राजवळ जाऊन रडलो. तिथे तोंड ओलं असलं तरी कुणी विचारत नाही. टोमणा समजून जे लिहिलं त्याबद्दल क्षमा मागतो. आणि सप्टेंबरमधल्या त्या सामन्याचं मनातून काढून टाका. मी माफी मागितली, कारण तुमच्या डाव्या हाताला उभा असताना तुमची चूक असू शकते हे मला सुचलंच नव्हतं. आजही सुचत नाही.

काल सामना संपल्यावर बैठक घेतली. कार्यालयाने अजून बोलावलेलं नाही. बोलावणारही नाही, हे मिझुहोलाही कळून चुकलंय, फक्त ती म्हणत नाही. मी म्हणालो, "आपण गप्प बसलो ते वरच्या मजल्याला ऐकू जावं म्हणून. वरच्या मजल्याला काचा आहेत, त्यांना आपलं वाजवणंही ऐकू जात नव्हतं आणि गप्प बसणंही जात नाही. पण दुसऱ्या कुणाला तरी जातंय. पथकाचा एक जुना सभासद दूरगावी आहे. आपण बंद केलं म्हणून त्यानेही घरी बसल्या बसल्या बंद केलंय. त्याला ते फार जड जातंय." नाव सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मिझुहो बराच वेळ ढोलाच्या खोळीची नाडी सोडत आणि बांधत बसली. मग म्हणाली, "दांचो, घरी बसून बंद कसं करतात?" मी म्हणालो, "मलाही परवाच कळलं." मतदानात हात मात्र तिने मौनाच्याच बाजूने वर केला. पोरगी शब्दाची पक्की आहे.

चौदा विरुद्ध तेरा. माझं मत तुम्हाला माहीत आहे. तेरा जणांचा मान राखायचा म्हणून असं ठरलं की मोसम संपेपर्यंत प्रत्येक सामन्यात पहिला डाव मौन पाळायचं, झेंडे उलटे ठेवायचे. दुसऱ्या डावापासून वाजवायचं, संघ कितीही मागे असला तरी.

तब्येतीचं मी विचारणार नाही. यापुढे प्रत्येक घरच्या सामन्याची हकीकत तुम्हाला पाठवत जाईन, नाक किती वेळा चोळलं त्यासकट.

आता पथकप्रमुख या नात्याने अठ्ठाविसाव्या सभासदास कळवतो. शुक्रवार, १७ जुलै, संध्याकाळी सहा वाजता. पहिल्या डावात गप्प राहायचं. दुसऱ्यापासून तुम्हीही सुरू करा. पेपर दुसऱ्या दिवशी येतो, त्याची वाट बघू नका, आमच्याबरोबरच सुरू करा. नामेकावाला सहाव्या क्रमांकावर ढकललाय; पहिल्या डावात आपले तिघे बाद होऊन डाव संपणारच, म्हणजे दुसऱ्या डावात तो नक्की येईल.

शोइची